वाटी पुढे ठेवणे

दुसरी वाटीही भरलेलीच परत आली. दादाने ती ओट्यावर ठेवली आणि आपल्या कस्टर्डकडे त्याच नजरेने पाहिले, ज्या नजरेने तो निवृत्त होईपर्यंत विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांकडे पाहत आला होता: दोष समोरच्याचा आहे, हे गृहीत धरून.

"आईला गिळताच येत नाहीये," तो म्हणाला.

"येतंय," छोटी म्हणाली. "काल दवाखान्यातून निघताना तिथल्या नर्सबाईंनी माझ्यासमोर अख्खा पेला भरवला. ते त्यांचं बेचव घट्ट पाणी. एकदासुद्धा ठसका लागला नाही."

"मग माझ्या कस्टर्डला काय झालंय?"

"दादा, त्याच्यात अंड्याच्या गाठी झाल्यात. आच मोठी ठेवलीस. पण तिनं ते चाखलंच नाही, त्यामुळे तुझ्या पाककलेचा यात काही संबंध नाही."

सकाळी वहिनीने नेलेली वाटीही अशीच परत आली होती. तिच्यात पिकलेले केळे आणि आटवलेले डब्यातले दूध घोटून केलेला दाट मिल्कशेक होता. तो कुठल्याही शहाण्या माणसाने चमचा चाटून संपवला असता. आईने ओठ मिटून घेतले, मान भिंतीकडे वळवली. तिच्या शरीराची उजवी बाजू तीन आठवड्यांपूर्वी तिला सोडून गेली होती. पण डावी बाजू शाबूत होती, आणि नकार द्यायला माणसाला एक बाजू पुरते.

पातळ पदार्थ आईच्या श्वासनलिकेत उतरण्याची भीती होती. म्हणून पाणी नको, चहा नको. जे द्यायचे ते दाट, मऊ आणि एकजीव, चमचा तिरपा केल्यावर धार न धरता सावकाश ओघळेल असे. दुधाचे सोपे पदार्थ करा, डॉक्टर म्हणाले होते, घरी कोणालाही जमतात. संध्याकाळी परिचारिका येणार होती. तोवर आईच्या पोटात काही गेले नाही, तर उद्या तिला परत नेऊन नाकातून नळी घालायची, असे ठरले होते. नळीचे नाव निघाले तेव्हा आईने चादर मुठीत धरली होती. तिला नळी नको होती. तरीही ती खात नव्हती.

या विरोधाभासाचे उत्तर स्वयंपाकघरातल्या तिघांनाही ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे आणि उच्चारणे यांच्यामध्ये या कुटुंबाने दोन पिढ्यांच्या चिकाटीने जी भिंत उभारली होती, ती अजून भक्कम होती.

त्या भिंतीचा पाया बाबांनी घातला. बाबा सज्जन होते. म्हणजे, त्यांच्या हातून जे अन्याय झाले ते त्यांनी कधी मोठ्या आवाजात केले नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच मोठ्या चुकीनंतर त्यांनी तोंडाने काही न बोलता दूध आटवले, थंड दुधात कालवलेले कॉर्नफ्लॉवर त्यात सोडले, साखर घातली आणि ती दाट, पांढरी, थरथरती वाटी आईपुढे ठेवली. आईने ती खाल्ली. प्रकरण मिटले. तेव्हापासून या घरात कोणी कोणाची माफी मागितली नाही. चुकणाऱ्याने वाटी पुढे ठेवायची, दुखावलेल्याने खायची, आणि खाल्ल्यावर त्या विषयाचा उल्लेख पुन्हा कोणी, कधीही करायचा नाही. इतर घरांत भांडणांनी पोरे वाळतात. या घरातली गुटगुटीत झाली. शाळेतले वजन-तपासणीचे डॉक्टर आईचे कौतुक करीत.

आता पुढच्या खोलीत पलंगावर पडलेल्या आईपुढे एका दिवसात दोन वाट्या आल्या होत्या, आणि दोन्ही आणणाऱ्यांनी निष्पाप चेहऱ्याने सांगितले होते, की हे केवळ पोषण आहे.

*

ती खोली आईची होती, पण पलंग तिचा नव्हता. तिथे बिडाचे प्रेस असायचे.

आई बुकबाइंडर होती. शिवलेल्या पानांचे गठ्ठे फळ्यांमध्ये धरून ती त्या प्रेसखाली ठेवी, वरचे चाक दोन्ही हातांनी फिरवी, आणि सकाळी चाक सैल केले की पुस्तक पुस्तकासारखे दिसे. दवाखान्यात असताना ती आपला निकामी हात उशीवर ठेवून हिशेब मांडत होती, की चाक डाव्या हाताने फिरवता येईल का. पूर्ण नाही. पण कोणी समोरून धरले तर येईल.

घरी आणून तिला पलंगावर निजवले तेव्हा तिने फरशीकडे पाहिले. चार पायांच्या चार खळग्या तिथे होत्या. खळ आणि सरस यांचा वास भिंतीत मुरलेला होता. तो कोणाला काढता आला नव्हता. "कुठंय?" असे तिने विचारले. शब्द जिभेवरून घसरत होते, पण हा शब्द स्पष्ट निघाला होता. दादा म्हणाला, "आहे, आहे, नीट ठेवलंय. तू आधी काहीतरी खा."

आधी खा. ती हसली असती, पण चेहऱ्याची अर्धी बाजू हसत नव्हती, आणि अर्धवट हसू तिला पसंत नव्हते.

तिला भूक होती. केळ्याचा वास आला तेव्हा तोंडाला पाणी सुटले होते, आणि ते पाणी गिळतानाही तिला हनुवटी खाली घेऊन सावध राहावे लागले होते. पण या घराचा कायदा तिला इतरांपेक्षा चांगला माहीत होता. तो आधी तिच्यावरच चालवला गेला होता. एक घास गिळला की खटला संपला. मग 'कुठंय' हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तिला उरणार नव्हता, आणि प्रश्न विचारायला आता तिच्याकडे शब्द तरी किती होते?

स्वयंपाकघरातले आवाज तिच्यापर्यंत येत होते, शब्द येत नव्हते. आपल्याच घरात आपल्याविषयी चाललेले बोलणे भिंतीपलीकडून ऐकत पडणे म्हणजे काय, हे तिला या दोन दिवसांत कळले. मेल्यावर असेच असेल, तिने विचार केला. फक्त कोणी वाटी घेऊन येणार नाही.

*

"मी करते आता," छोटी म्हणाली. तिने पातेल्यात दूध ओतले. घरात सगळे तिला छोटी म्हणत, जरी तिने पन्नाशी ओलांडली होती आणि आईजवळ राहून चौकातले औषधांचे दुकान ती एकटीने चालवत होती. लग्न न केलेल्या मुलीला कुटुंबे वय वाढण्याची परवानगी देत नाहीत.

"साधं दुधाचं पुडिंग कर," वहिनी म्हणाली. "बाबा करायचे तसं."

दादा खिडकीशी गेला.

"वहिनी," छोटी दूध ढवळत म्हणाली, "सकाळची तुमची वाटी. ती नुसती न्याहारी होती?"

"आणि दुपारची ह्यांची नुसतं जेवण होतं?"

"मला यात ओढू नका," दादा म्हणाला.

"अहो, तुम्ही यातच आहात! खोली रिकामी करा, पलंग ढकलता आला पाहिजे, असं फोनवर कोण म्हणालं? माझी आत्या?"

"पलंगाला जागा हवी होती की नाही? हवी होती. निर्णय परिस्थितीनं घेतला."

"परिस्थितीनं भंगारवाला नाही बोलावला. तो मी बोलावला, तुमच्या सांगण्यावरून." वहिनी एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि कोणी परिस्थितीला पुढे केले की तिचा स्वर खाली येई. "आणि दार छोटीनं उघडलं."

छोटीने चमचा थांबवला नाही. दूध तळाला लागते. "मी दार उघडलं," ती म्हणाली. "मी सांगितलं त्याला, की आई येईपर्यंत थांबूया. मग तुम्ही दोघं म्हणालात, आई आली की तिला पाहवणार नाही, ती नसतानाच उरकू. मला पटलं. म्हणजे, पटवून घेतलं."

दादा काचेतून बाहेर पाहत राहिला. युद्धांनंतर होणाऱ्या तहांवर त्याने दोन जाडजूड ग्रंथ लिहिले होते. पराभूतांना काय परत द्यावे, कोणत्या शब्दांत द्यावे, जेत्यांनी चूक कबूल केलेली इतिहासातली मोजकी उदाहरणे कोणती, याबद्दल लोक त्याला दूरदूरहून विचारीत. त्या दोन्ही ग्रंथांची त्याची स्वतःची प्रत आईने त्याच प्रेसखाली बांधली होती. त्याला ते आठवले, आणि त्याने ते बाजूला ठेवले. संदर्भ बाजूला ठेवण्याचा त्याला सराव होता.

"ती खात नाही, कारण तिला प्रत्येकाची वेगळी वाटी नको असेल," तो म्हणाला. "तिघांनी मिळून एकच वाटी नेऊ."

वहिनी मोठ्याने हसली. "वा! संयुक्त निवेदन."

"तू नेहमी असं—"

"मी नेहमी काय? मी नेहमी खाल्लं." तिने ओट्यावरची दादाची वाटी उचलली आणि पुन्हा ठेवली. "तुम्हाला आठवतंय, मला त्या दुसऱ्या गावच्या शाळेनं बोलावलं होतं? मुख्याध्यापिका म्हणून, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी?"

"तो विषय मिटलाय."

"मिटलाय ना! मी बाहेर होते. तुम्ही फोन घेतलात आणि ती येणार नाही म्हणून सांगून टाकलंत. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे वाटी. नवी सून मी, वर्षही झालं नव्हतं. मला वाटलं, नोकरी मिळाली म्हणून घरचे गोड करतायत. मी वाटी चाटूनपुसून खाल्ली. वर म्हटलं, छान झालंय, अजून आहे का?"

छोटीने मान खाली घातली. वर्षभराने त्या वाटीचा अर्थ वहिनीला तिनेच सांगितला होता, हसत हसत, घरातली गंमत म्हणून. वहिनी तेव्हा हसली नव्हती. तिला अजून आठवत होते, की आपण दुसरी वाटीही मागून घेतली होती, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दोनदा क्षमा केली होती, आणि कशाबद्दल ते तिला एकदाही कोणी सांगितले नव्हते. एवढ्या माणसांच्या घरात ती त्या दिवसापासून पाहुण्यासारखी राहिली: सगळे अदबीने वागत, आणि किल्ली कोणी देत नसे.

"आई शहाण्या आहेत," ती म्हणाली. "माझ्यासारख्या नाहीत. काय खातोय हे कळल्याशिवाय त्या तोंड उघडणार नाहीत. कोणीतरी जाऊन त्यांना सांगा."

"काय सांगा?" दादाने विचारले, जणू खरेच ठाऊक नव्हते.

"काय झालं ते. भाषेत. तुमच्या दोन ग्रंथांत शब्द असतीलच की."

दादा वळला. त्याचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसला. "तिला सांगायचं, की ते फोडलं? ह्या अवस्थेत? मी तिला म्हणालोय, नीट ठेवलंय."

"मला माहितीये तू काय म्हणालायस," छोटी म्हणाली. "भिंतीपलीकडे होते मी. मीही गप्प बसले."

पुडिंग दाटले होते. चमच्याच्या पाठीवर त्याचा थर बसला. बोट फिरवले तर रेघ तशीच राहिली. तिने साखर घातली, ढवळली, वाटीत ओतले. वरची वाफ विरेपर्यंत तिघेही त्या वाटीकडे पाहत उभे राहिले. कोणीही तिला हात लावला नाही.

*

शेवटी छोटीच गेली. तिने पलंगाची पाठ वर केली, आईच्या मानेखाली टॉवेल दिला, वाटी मांडीवर घेतली आणि चमचा भरला. आईचे ओठ मिटले.

छोटीचा चमचा हवेत राहिला. दुकानात रोज अनोळखी माणसांना ती अवघड गोष्टी सांगत असे: हे औषध आयुष्यभर घ्यावं लागेल, हे घेऊन उपयोग होणार नाही, डॉक्टरांकडे जा. तिथे तिचा आवाज कधी कापला नव्हता. तिथे काउंटर असतो.

तिने चमचा वाटीत ठेवला आणि वाटी खाली, फरशीवर.

"आई, प्रेस नीट ठेवलेलं नाही. प्रेस नाहीये."

आईचे डोळे तिच्यावर स्थिरावले.

"दारातून निघेना. तू मधली भिंत घातलीस ना, तेव्हापासून दार अरुंद झालंय. आम्हाला कोणालाच ते आधी सुचलं नाही. भंगारवाला म्हणाला, अख्खं जाणार नाही. दादाला फोन केला. तो म्हणाला, मग जसं जाईल तसं न्या. वहिनी इथे उभ्या होत्या. मी दार धरून उभी होते. त्यानं इथेच फोडलं. घणानं."

दादा दारात येऊन थांबला होता. त्याच्या मागे वहिनी. दोघांपैकी कोणीही आत आले नाही.

आईच्या गळ्यातून काहीतरी निघाले, ते शब्द झाला नाही. तिने पुन्हा जुळवले.

"चाक?"

"चाक शेवटी," छोटी म्हणाली. "ते लवकर फुटेना. त्याला दुसरा माणूस बोलवावा लागला."

आईने डोळे मिटले. डाव्या हाताची बोटे चादरीवर हळूहळू वळली, जणू कशाच्या तरी गोल कडेभोवती, आणि मग उघडली. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"आम्हाला तुला विचारायला हवं होतं," छोटी म्हणाली. "तू जिवंत होतीस. बोलता येत नव्हतं, पण मान हलवता येत होती. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. चुकलो आम्ही. मी चुकले."

हे शब्द या घरात प्रथमच उच्चारले गेले होते, आणि ते फार लहान वाटले. दादाने ते ऐकले. त्याला वाटले, आता आपणही पुढे व्हावे. पाय उचलला, तो उंबऱ्याशीच राहिला. इतिहासात अशी उदाहरणे मोजकी का आहेत, याचे कारण त्याने आजवर कोठेही लिहिले नव्हते, कारण ते त्याला माहीत नव्हते. आता माहीत झाले, आणि ते लिहिण्यासारखे नव्हते.

आईने डोळे उघडले. फरशीवरच्या वाटीकडे पाहिले. छोटीने ती घाईने उचलली, चमचा भरला. तिच्या चेहऱ्यावर जी आशा उमटली ती इतकी उघडी होती, की वहिनीने मान फिरवली.

आईने डाव्या हाताने चमचा बाजूला सारला.

"दूध," ती म्हणाली. मग, फार कष्टाने, एकेक अक्षर वर ओढत: "साखर... नको."

छोटीला क्षणभर समजले नाही. वहिनीला समजले. ती स्वयंपाकघरात गेली, दुसरे पातेले घेतले, दूध तापवले, कॉर्नफ्लॉवर कालवून सोडले आणि साखरेच्या डब्याकडे पाहिलेही नाही. तिने ते वाटीत ओतले नाही. कान असलेल्या पेल्यात ओतले, आणि निवल्यावर छोटीच्या हाती दिले.

आईने तो दाट, बेचव, पांढरा पदार्थ चमच्याचमच्याने घेतला. प्रत्येक घासाला हनुवटी खाली, गिळणे, थांबणे, मग पुढचा. ठसका लागला नाही. तिला गोड आवडे; लहानपणापासून आवडे, आणि या घरात तिच्या वाट्याला एवढे गोड आले होते, की कोणत्याही बाईला हेवा वाटावा. ती फक्त जेवत होती. तिचे डोळे सगळा वेळ भिंतीवर होते, आणि छोटीच्या लक्षात आले, की चमचा आपण धरलेला असला तरी आई आपल्या हातून खात नाहीये.

परिचारिका आली ती हसतच आली. "अरे वा, आजी! संपवलं की सगळं!" तिने पेल्यात डोकावून पाहिले, आईचा घसा तपासला, छातीचा आवाज ऐकला. "नळीबिळी काही नको आता. बघा, उगाच घाबरला होतात सगळे. मी म्हणाले नव्हते? घरचं ते घरचंच. काय दिलंत?"

"दूध," वहिनी म्हणाली. "घट्ट करून."

"साखर घालत जा थोडी. म्हाताऱ्या माणसांना गोड लागतं. पोरांच्या हातचं गोड खाल्लं की जीव कसा शांत होतो." तिने आईच्या गालावर हलकेच चापटी मारली. "हो की नाही, आजी?"

आईने तिच्याकडे पाहिले आणि मान डावीकडून उजवीकडे, पूर्ण, एकदाच हलवली. परिचारिकेला वाटले, थट्टा आहे. ती खूप हसली. तिच्यासोबत दुसरे कोणी हसले नाही, पण हे तिच्या ध्यानात आले नाही. तिला पुढच्या घरी जायचे होते.

ती गेल्यावर वहिनीने आपल्या घरी जायला पायांत चपला सरकवल्या. जिन्याकडे निघताना तिने छोटीच्या खांद्यावर हात ठेवला, काढून घेतला. "पेला वापर," ती म्हणाली. "वाटी नको. मी उद्या शाळेतून इकडेच येते."

दादा पलंगाशी आला. तो पायथ्याशी, जिथे त्या खळग्या होत्या तिथे, पाय जुळवून उभा राहिला, जणू परीक्षकांपुढे. त्याने घसा साफ केला. छोटी दारात थांबून पाहत होती: आता बोलेल. त्याच्या ओठांना आकार येत होता, आणि जात होता.

"आई, मी उद्या येतो," तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे खूप वेळ पाहिले. हा तिचा पहिला मुलगा. त्याला बोलायला उशिरा आले होते.

"ये," ती म्हणाली. पुढचे शब्द जुळायला वेळ लागला, आणि तोवर तो कमरेत वाकून, कान तिच्या तोंडाजवळ नेऊन, थांबून राहिला.

"रिकाम्या... हाताने."